हलक्या धानातली फी

मुलगी नागपूरला फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होती. पुढच्या तिन्ही वर्षांच्या फीचे पैसे शेअर बाजाराच्या फंडात होते आणि बाजार आठवडाभर रोज उतरत होता. दुसऱ्या वर्षाची फी भाद्रपदात भरायची होती.

मृगात ब्रह्मपुरीजवळ बायकोच्या माहेरी गेलो. तिच्या धाकट्या भावाचे धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकणे चालू होते. नेटवर्क फक्त तलावाकडच्या धुऱ्यावर, त्या उंच बांधावर मिळे. दर अर्ध्या तासाने भाव बघायला माझे तिथे चढणे सुरू झाले.

"भाऊजी, कोणाचा फोन येऊन राह्यला वर? वाघाचा का?" मेहुण्याने खालून विचारले.

बायकोने परस्पर सांगून टाकले. "बाजार पडून राह्यला. यायले पुरेच पैसे काढून बँकेत टाकाचे हायेत."

त्याच्यापुढे बियाण्याची दोन पोती होती. वरच्या, लवकर सुकणाऱ्या बांध्यांसाठी, म्हणजे खाचरांसाठी, हलका धान, तो दिवाळीच्या आधी कापणीला येतो. तलावाखालच्या खोल बांध्यांसाठी भारी, तो उशिरा येतो.

"सगळा हलकाच का लावत नाहीस?" मी विचारले.

"हलका पाणी तुटलं तरी होते, भाऊजी. पण उतारा कमी. पुरा हलका लावला तं धान साठवाची ढोली अर्धीच भरन."

"आयकलं?" बायको माझ्याकडे वळली. "पोरीची जवळची फी हलक्यात टाका. लांबची राहू द्या तिथीच."

"बाई, तूच का नाई शेती करत?" मेहुणा म्हणाला.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी बाजार कोसळल्याचे मथळे अनेक वर्षे दिले होते. त्यात स्वतःचे पैसे कधी नव्हते. त्या संध्याकाळी धुऱ्यावर पुन्हा चढलो नाही.

चंद्रपूरला परतल्यावर विभागणी केली. दुसऱ्या वर्षाची फी बँकेत तीन महिन्यांच्या मुदत ठेवीत. तिसऱ्या वर्षाची पोस्टाच्या एक वर्षाच्या ठेवीत. व्याज माफक, पण रक्कम ठरलेली. फंड विकताना थोडा तोटा झाला, तो सोसला. चौथ्या वर्षाचे पैसे होते तिथेच ठेवले.

बाजार त्यानंतरही उतरला. भाद्रपदात मुलीचा फोन आला.

"बाबा, बाजार लय पडला म्हणतात."

"पडला."

"मग फी?"

"काल भरली. पावती पाठवली आहे, बघ."

"बरं," ती म्हणाली आणि मेसच्या भाजीविषयी बोलू लागली.

दिवाळीला मेहुण्याकडे नव्या हलक्या तांदळाचा भात होता. जेवण झाल्यावर शेतात फिरून आलो. वरच्या बांध्या कापून झाल्या होत्या. तलावाखाली भारी धान अजून हिरवा उभा होता. चौथ्या वर्षाचे पैसे तेव्हाही तोट्यातच होते.

"भाऊजी, धुऱ्यावर नाई चढत आता?"

"नाही."

"बरं हाय. भारीले टाइम हाय अजून," तो म्हणाला आणि पाणी पाहायला बांधीत उतरला.