वरच्या खोलीतली परी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला कदाचित सांगितलं असतं, पण ती त्याआधीच गेली होती. मुलाला नाही, मित्रांना नाही, देवासमोर बसून मनातल्या मनातही नाही — तिथेही मी दुसरंच काहीतरी पुटपुटत राहिलो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगायला घेतलंय. हासुद्धा भित्रेपणाच, नाही का?

गोष्ट म्हटली तर लहान आहे. माझ्या नातीच्या, सईच्या, आठव्या वाढदिवसाची. आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. घरात मी, सून रोहिणी आणि सई. त्या वर्षी रोहिणीने ठरवलं, की केक कापून, टोप्या घालून वाढदिवस उरकायचा नाही. मोबाइलवर तिने कुठेतरी पाहिलं होतं — पऱ्यांची पार्टी, आणि त्यात एक रहस्य. मुलं यायच्या आधीच परी हरवलेली असते. मुलांनी गुप्तहेर व्हायचं, खुणा शोधायच्या आणि शेवटी परीला शोधून काढायचं.

मला वाटलं, नोकरी सांभाळून ही एवढा पसारा कशी करणार? पण रोहिणीने भडगावला फोन लावला आणि अक्काला बोलावून घेतलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाच तिचा नवरा गेला. त्यानंतर ती माहेरी परत आली नाही, कुणाच्या दारात जाऊन बसली नाही. शिलाई मशीन घेतलं आणि निम्म्या भडगावचे ब्लाउज शिवले. माझे कॉलेजातले शर्टही तिनेच शिवलेले. शाळेची पायरी ती फारशी चढली नाही, पण डोकं असं, की आमच्या घराण्यातलं सगळं डोकं देवाने तिलाच दिलं आणि उरलेल्यात आम्हा भावांना भागवलं.

ती आली, आणि घराचा नूरच बदलला. रोहिणी खुणांसाठी रंगीत कार्डं छापायचं म्हणत होती. अक्का म्हणाली, कार्डं पोरं शाळेत रोजच वाचतात, आणि परीला लिहिता येतं हे तुला कुणी सांगितलं? परीच्या खुणा नाकाने, कानाने आणि डोळ्यांनी शोधायच्या. मग दोघींनी मिळून काय काय रचलं! आंब्याच्या फांदीत उंच एक घुंगरू बांधलं, वारा आला की वाजेल असं. माठात वाळ्याची जुडी होती, तोच वास एका रुमालाला लावला. रुमाल हुंगत हुंगत माठापर्यंत पोचायचं आणि माठाच्या तिवईखाली पुढची खूण.

आणि पावलं! गौरी येतात तेव्हा घरातल्या बायका ओली मूठ उमटवून पावलं काढतात ना — मुठीची कड म्हणजे पाऊल आणि बोटांची टोकं म्हणजे बोटं — तशी इवली इवली पावलं अक्काने पिठात मूठ बुडवून अंगणभर काढली. गौरीची पावलं घरात येणारी असतात. हिने काढली ती घरातून बाहेर जाणारी. म्हणजे परी गेली, हे ज्याला डोळे आहेत त्याला कळावं. पुढे हौदाला वळसा घालून तीच पावलं परत फिरत, आणि जिन्याने वरच्या खोलीकडे जात. मी ओट्यावर बसून बघत होतो. सत्तरी ओलांडलेली बाई उकिडवी बसून, मागे मागे सरकत, एकेक पाऊल काढत होती आणि गालातल्या गालात हसत होती. मी तिला इतकं खूश त्याआधी कधी पाहिलं होतं? मला आठवत नाही.

परी कोण होणार, हे तिघांनाच ठाऊक होतं. अक्का. ही कल्पना रोहिणीची, आणि तिने त्यात आणखी एक घातलं होतं. मुलांनी दार उघडलं की आत परी तबक घेऊन बसलेली असेल आणि तीच सईचं औक्षण करील.

आमच्याकडे विधवेने औक्षण करायचं नाही, हे तुम्हाला माहीतच असेल. कुणी तोंडाने नाही म्हणत नाही. ती बाईच आपली मागे सरकते, स्वयंपाकघरात काम काढते आणि सगळे समजून घेतात. अक्का आयुष्यभर अशीच मागे सरकत आलेली. माझ्या मुलाच्या मुंजीतसुद्धा ती पुऱ्या तळत होती. म्हणून रोहिणीलाही ती आधी नको म्हणाली, पुन्हा नको म्हणाली. रोहिणी म्हणाली, "अक्का, तुम्ही नसाल तर मी औक्षणच करणार नाही." मग अक्का उठली आणि उगाचच तोंड धुऊन आली.

आणि मी? मी म्हणालो, अगदी बरोबर आहे. मी हायस्कुलात शिक्षक होतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवा, म्हणून शाळेत भाषणं केलेली होती. लोक मला सुधारक म्हणत. मला ते आवडायचं.

वाढदिवसाला उन्हं उतरल्यावर लोक जमले. कॉलनीतली मुलं, त्यांच्या आया, आणि दोंडाईच्याहून रोहिणीच्या माहेरची माणसं. मुलं अंगणात पिठातल्या पावलांवर तुटून पडली होती. एक म्हणे, परी आत आली. सई म्हणे, अरे टाच कुठे आहे बघ, ती बाहेर गेलीय. मी व्हरांड्यात उभा राहून ऐकत होतो, ऊर भरून आला होता. तेवढ्यात खुर्च्यांवरून आवाज आला. रोहिणीची एक काकू शेजारणीला विचारत होती, औक्षण कोण करणार म्हणून.

"आजी तर नाही घरात. ती भडगावची करते की काय? आजकाल नेम नाही हो, शिकलेल्यांची घरं."

दोघी हसल्या. बस, एवढंच. मला कुणी काही विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. त्या बाईने मला पाहिलंही नसेल. अशा वाक्याला मी भाषणात दहा उत्तरं दिली असती. आणि मी काय केलं? मी मागच्या जिन्याने वर गेलो.

दार ढकललं. अक्का ट्रंकेवर बसली होती. पांढरं पातळ, आणि पाठीला मच्छरदाणीच्या जाळीचे पंख, तारेवर ताणलेले, कडेने चमकी टाचलेली. तिचे तिनेच शिवलेले. मांडीवर तबक. निरांजन अजून लावलेलं नव्हतं. ती नुसतंच तबक हातात धरून ओवाळण्याची सवय करत होती. उजवीकडून, डावीकडून. किती वर्षांनी हात तसा फिरत असेल! ती मला सुंदर दिसली. हे खोटं नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच. आणि तरीही मी तोंड उघडलं.

"अक्का, खाली दोंडाईचेकर आलेत," मी म्हणालो. "बायका बोलताहेत."

पुढचं वाक्य मला जुळवता येईना. तिने ते जुळवायलाही लावलं नाही. तिने तबक खाली ठेवलं. पंखांची गाठ पाठीवर होती, तिचा हात पोचेना. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली — आणि ती गाठ मी सोडली. या हातांनी. गाठ घट्ट होती, वेळ लागला. तेवढ्या वेळात मी म्हणू शकलो असतो, राहू दे अक्का, बस खाली. खालून मुलांचा आवाज जवळ येत होता. मी गाठ सोडत राहिलो.

तिने पिशवी उचलली. दारात थांबून एकच विचारलं.

"पोरले काय सांगशी?"

सईला सांगेन काहीतरी, मी म्हणालो. "जास मी," म्हणून ती मागचा जिना उतरली. मी पंख कपाटावर टाकले. स्टँडपर्यंत सोडायला सोडाच, गल्लीच्या तोंडापर्यंतही गेलो नाही.

मुलांनी दार उघडलं, तेव्हा खोलीत ट्रंक होती आणि तबक. एका मुलाने विचारलं, पावलं तर या खोलीत आलीत, खोलीबाहेर गेलेली नाहीत, मग परी कुठाय? रोहिणीचा चेहरा मी पाहत होतो. तिने पुढे होऊन खिडकी उघडली.

"पऱ्यांना पंख असतात," ती म्हणाली. "तुम्ही फार हुशार निघालात. तिला वाटलं नव्हतं तुम्ही इतक्या लवकर पोचाल. सईसाठी तबक ठेवून गेली बघा."

मुलं खिडकीकडे धावली. रोहिणीने निरांजन लावलं आणि औक्षण केलं. आपल्या मुलीचा दिवस तिने एकटीने सावरून धरला. मी मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या.

स्वयंपाकघरात तिने मला विचारलं, "नाना, अक्का कुठायत?"

इथे — इथे माझा खरा गुन्हा आहे. घालवून देणं हा भित्रेपणा होता. यानंतर मी जे बोललो त्याला काय म्हणायचं? मी म्हणालो, अक्काला लाज वाटली. या वयात हे सोंग माझ्याने व्हायचं नाही, म्हणाली, आणि निघून गेली. मी अडवलं, ऐकलं नाही.

लाज माझी होती. ती मी तिच्या नावावर टाकली.

रोहिणी म्हणाली, निदान मला सांगायचं. त्यानंतर ती अक्काशी आदराने वागली, पण तिच्याकडे पुन्हा काही मागितलं नाही. आणि सई — तिच्या कानावर यथावकाश गेलंच, की परी अक्काआजी होणार होती. तिने मला विचारलं, "मग ती थांबली का नाही?" मी म्हणालो, मोठ्या माणसांचं असतं काही. त्यानंतर अक्का आली की सई पाया पडायची आणि अभ्यासाला म्हणून आत निघून जायची.

अक्काने एका शब्दाने खरं सांगितलं नाही. पुढे एका लग्नाच्या पंगतीत रोहिणी हसत, पण टोचेल असं बोलली, की अक्का, तुमचा काय भरवसा, ऐनवेळी निघून जाता. मी शेजारीच बसलो होतो. अक्काने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो बाई," ती म्हणाली, "मनी सवयच शे." तिची सवय, म्हणे!

आणि तिने वाढप्याला हाक मारून माझ्या पानात जिलबी वाढायला लावली. मी ती खाल्ली.

माणूस इतकं मोठं कसं असू शकतं? मी अनेकदा विचार केला. तिने मला वाचवलं म्हणावं, तर मी वाचण्याच्या लायकीचा नव्हतो, आणि हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी तिने केलं. मी आयुष्यभर मोठ्या लोकांची चरित्रं शिकवली. मोठं माणूस भडगावला मशीनवर बसलेलं होतं.

सई आता कॉलेजात आहे. अक्काची नजर अधू झालीय, मशीन बंद आहे. माफी मागायला मी भडगावला गेलेलो नाही. जाणारही नाही. ती एका क्षणात माफ करील, वर जेवायला थांब म्हणेल, आणि मी पुन्हा एकदा तिच्याकडून काहीतरी घेऊन परत येईन. तेवढं तरी आता नको.

पण अनोळखी माणसाला सांगून हे फिटणार नाही, म्हणून ही पानं उद्या सकाळी रोहिणीच्या आणि सईच्या हातात देईन. त्या वाचतील तेव्हा मी समोर बसून राहीन. त्यांनी काय म्हणावं, काही म्हणावं की नाही, तो त्यांचा प्रश्न. मी फक्त एवढं नीट लिहून ठेवतो, की सई, तुझी अक्काआजी कंटाळून गेली नाही, लाजून गेली नाही, तुला विसरून तर मुळीच गेली नाही. तिला तुला ओवाळायचं होतं. मी तिला घालवलं.