बन्सीधरची नवी सिस्टीम

बन्सीधर पुण्याच्या एसटीतून परभणीला उतरला तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते. पिशवीत फ्लॉप्यांचा गठ्ठा होता आणि त्या गठ्ठ्यात कॉम्प्युटर चालवणारी एक नवीकोरी सिस्टीम. तोंडसुद्धा न धुता त्यानं मशीन सुरू केलं आणि बायकोला हाक मारली.

"विमल, बघ तर! चित्रं हायत, रंग हायत. एका टायमाला दोन दोन कामं करायलंय हे!"

विमला त्यांच्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये मुलींची बॅच घ्यायची. तिनं डोळे भरून पाहिलं. "लय छान हाय. पण पोरींची परीक्षा जुन्यावरच हाय. ह्याच्यावर शिकवून काय करू?"

असल्या प्रश्नांनी थांबणारा माणूस तो नव्हे. चुडाव्याचा हा गडी आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आणि एक्क्याण्णव साली, अर्ध्या गावाला कॉम्प्युटर खातात की पितात हे ठाऊक नव्हतं तेव्हा, त्यानं स्टेशन रोडला क्लास उघडला. नवीन काही हाती आलं की त्याला तहानभूक राहत नसे. बरं, एकट्यानं खूश होऊन गप्प बसेल तर शपथ. सगळ्या गावाला ओढत न्यायची हौस!

या वेळी हौसेच्या मागं कारणही होतं. पुण्याच्या कंपनीनं शब्द दिला होता. महिन्याभरानं आमचे साहेब येतील, तेव्हा एक दुकान या सिस्टीमवर रोजचं काम करताना दाखवा, की मराठवाड्याची एजन्सी तुमची. एकच दुकान! बन्सीधरला त्याच दिवशी दहा दुकानं दिसायला लागली.

त्यानं पहिले गाठले किशनराव. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडतीवरचे हे मुनीम दोन वर्षांपासून कॉम्प्युटर वापरत होते. शेतकऱ्याच्या विकल्या गेलेल्या मालाची हिशेबाची पट्टी ते त्याच्यावरच छापून द्यायचे. बन्सीधरनं सिस्टीम टाकली आणि पडद्यावर निळ्या-हिरव्या चौकटी उमलल्या. हमाल पोती टाकून बघायला आले. किशनरावांनी सगळ्यांना चहा सांगितला.

"बन्सी, लय भारी चीज हाय रे ही!"

"मग ठेवायची ना, काका?"

"ठिव की. पर माझं जुनं कुठं गेलं?"

"तेबी ठेवलंय. मशीन सुरू झालं की इचारंल, नवं पायजे का जुनं. पायजे ते दाबा."

दिलदार माणूस स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घेतो, ते असं.

चार-सहा दिवस किशनराव नव्यावर रमले. मग तुरीची आवक वाढली. आडतीसमोर बैलगाड्यांची रांग लागली आणि एक पट्टी पडद्यावरच अडकून बसली. पूर्वी अशी अडली की किशनराव बसल्या जागेवरून शेजारच्या आडतीवरच्या चंद्रभान मुनिमाला हाक मारायचे, आणि कोणतं बटण दाबायचं ते तिकडून ओरडून कळायचं. सवयीनं त्यांनी हाक मारली. चंद्रभान आला, रंगीत पडद्यापुढं वाकला आणि म्हणाला, "ह्यातलं मला काय कळायलंय? बन्सीला बोलवा."

बन्सीधर स्टेशन रोडवरून धावत आला. चुटकीसरशी पट्टी निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धावला, तिसऱ्या दिवशीही. धापा टाकत यायचा, पण तोंडावर आनंद असा की बघणाऱ्यालाही हुरूप यावा. मग हळूहळू बोलावणी बंद झाली.

"शिकले गं काका!" तो विमलाला म्हणाला, आणि तडक पेंटरकडं जाऊन एजन्सीची पाटी रंगवायला टाकून आला.

ठरल्या दिवशी साहेब आले. बन्सीधर त्यांना मिरवत मोंढ्यात घेऊन गेला. आडतीवर किशनराव भराभर पट्ट्या काढत होते, आणि समोरचा पडदा काळा कुळकुळीत होता. वर जुनीच पांढरी अक्षरं.

"काका, हे काय?"

किशनराव ओशाळले. "आरं, नवं चांगलंच हाय. पाव्हणा आला की मुद्दाम लावून दाखवतो. पर पालमची एसटी सुटायलीय म्हणून माणूस म्होरं उभा ऱ्हायला की हात जुन्यावरच पडतो. अडलं तर चंद्रभान हाय. एका टायमाला दोन कामं म्हणतूस, पर माझ्याम्होरं माणूस एकच बसतो रे."

बन्सीधरनं चोरून साहेबांकडं पाहिलं. साहेब मात्र चिडले नाहीत. जणू हे त्यांनी बऱ्याच गावांत पाहिलं होतं. त्यांनी खिशातून एक कोरी फ्लॉपी काढली.

"माझा अहवाल टाइप करून द्याल का? मी सांगतो."

"देतो की! नव्या सिस्टीमवर करतो साहेब, अक्षरं बघा कसली सुरेख येतात."

"नको, नको," साहेब घाईघाईनं म्हणाले. "जुन्यावरच करा. हेड ऑफिसात सगळे अजून जुन्यावरच आहेत. नव्यावरचं तिथं कुणाला उघडता येत नाही."

बन्सीधरला असं हसू फुटलं की रांगेतले शेतकरीही कारण न कळता हसायला लागले. किशनरावांनी उठून त्याला आपली खुर्ची दिली. साहेब सांगत गेले आणि काळ्या पडद्यावर त्याची बोटं सरसर धावत गेली. परभणीत तूर्त एजन्सी देण्यासारखी परिस्थिती नाही, हे शेवटचं वाक्यसुद्धा त्यानं कुठंही न अडखळता टाइप केलं.