रूमेनाची खिडकी

विदोसावाला चुकलेला आकडा खपत नसे. हा दोष तिचा नव्हे, तोदोर सरांचा. बेलग्रेडच्या वेधशाळेत ती पोरसवदा वयात गणितं करायला आली, तेव्हा एका चुकीपायी सरांनी तिच्याकडून महिन्याचं काम पुन्हा करवून घेतलं होतं. "आकाश कुणाची भीड ठेवत नाही, विदा," एवढंच म्हणाले. ती धुसफुसली. पण पुढे गुरू ग्रहाच्या ओढीने लघुग्रह वाट कशी वाकडी करतात, हे तिच्याइतकं देशात कुणालाच कळत नसे. या भानगडीत लग्न राहून गेलं. तिला त्याचं फारसं वाटलंही नाही.

सरांनी शोधलेल्या एका लघुग्रहाला त्यांच्या मुलीचं नाव होतं, रूमेना. जर्मन विमानांनी शहर बेचिराख केलं तेव्हा ती गेली. देह सापडला नाही, त्यामुळे थडगंही नाही. म्हणून पितरांच्या शनिवारी, म्हणजे चर्चने मृतांसाठी राखलेल्या दिवशी, सरांची बायको, स्तानाकाकू, रूमेनाच्या नावाने गहू शिजवायची आणि वेधशाळेत येऊन विचारायची, "विदा, आज आमची पोर कुठल्या बाजूला गं?" विदोसावा गणित करून दिशा सांगायची. घरी त्या बाजूच्या खिडकीत मेणबत्ती लागायची.

एका वर्षी दिशा काढताना तिला शंका आली. तिने गणिताने कक्षा मागच्या वर्षांत नेऊन पाहिली. जर्मनांना फार पूर्वी सापडून पुन्हा हरवलेला एक लघुग्रह होता. हा तोच. पहिल्या शोधाचं नाव टिकतं, म्हणून नाव त्यांचंच राहणार, रूमेनाचं पुसलं जाणार.

शनिवारी सरांच्या घरी, काकू स्वयंपाकघरात असताना तिने सरांना हळूच सांगितलं.

"माहीत आहे," सर म्हणाले. "चार वर्षं झाली."

"सर, तुम्ही?"

"हिच्यासाठी गप्प बसलो. तूही बस."

काकू गव्हाची थाळी घेऊन दारात उभी होती.

"म्हणजे दगड त्यांचा?"

सर खिडकीकडे वळले.

"विदा, तू सांग. तुला खोटं बोलता येत नाही."

"हो काकू. आधी त्यांना सापडला."

काकूने खिडकीतली मेणबत्ती चिमटीत धरून विझवली आणि ती नवऱ्याकडे वळली. "पोर मारली त्यांनी. आणि चार वर्षं तू मला त्यांच्याच दगडापुढे उभं केलंस."



विदोसावाचं गणित वसंतात छापून आलं आणि रूमेनाचं नाव गेलं. पुढच्या पितरांच्या शनिवारी तिने सवयीने दिशा काढली. पूर्वेची खिडकी निघाली. विचारायला कोणी येईल म्हणून ती संध्याकाळपर्यंत वेधशाळेत थांबली. कोणी आलं नाही.