बोडीच्या पाळीवर नेट लावताना

नाही, बाबा अजूनही तेच म्हणून राहिले आहेत की त्या दिवशी मी सगळ्या घराला येडं बनवलं. फोनवर म्हणतात, परवा तर आईच्या भावाच्या, आमच्या मामाजींच्या तोंडून म्हणवलं. अहो, येडा मीच झालो होतो! नेट कशानं लागलं आणि कशानं तुटलं हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून सगळं इथे लिहून काढतो. आमच्या गोंदिया जिल्ह्यात सालेकशाकडे जाणाऱ्या कोणाच्या कामी आलं तर आलं.

मी सुरतेत भरतकामाच्या मशीनवर असतो. सातवीनंतर शाळा सुटली, पण बटणांची भीती कधी वाटली नाही. आमच्या कारखान्याच्या मास्तरकडून एक जुना हातातला कॉम्प्युटर घेतला होता. तळहाताएवढा, काडीनं टोचून चालवायचा. त्यात सिम नाही. मोबाईल शेजारी ठेवायचा, दोघांची ब्लूटूथनं गाठ घालायची, मग मोबाईल त्याच्यासाठी नेट ओढून आणतो. सुरतेत खोलीवर हे दोनदा जमलं होतं. दोनदा जमलं म्हणजे आपल्याला येतं, असं मी समजलो.

गावी जायचं कारण माझी बहीण दुर्गा. ती गोंदियात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिला बालाघाटकडचं स्थळ आलं होतं, मुलगा पुण्याला कंपनीत. दुर्गाचा एकच प्रश्न होता: लग्नानंतर नर्सिंग पूर्ण करू देणार का? बाबा म्हणाले, "साक्षगंधाच्या आधी पोरगी पोराशी बोलत नाही आपल्यात. लिहून विचाराचं असंल तर विचार." मग मी सुरतेहून तिच्या वतीनं ईमेल टाकला. मंगळवारपर्यंत उत्तर येणार होतं आणि बुधवारी पाहुणे साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, येणार होते. दुर्गा म्हणाली, मी गोंदियाच्या सायबरमध्ये पाहून येते. मी म्हटलं, "कायले जातेस? मी नेट खिशात घेऊन येऊन राहिलो ना!"

सुरतेहून गोंदियाला थेट गाडी आहे, स्लीपरचं तिकीट आधी काढा. सोमवारी सकाळी उतरलो. स्टेशनबाहेर तर्री-पोहा खाल्ला, आठ रुपये प्लेट, तर्री मागाल तितकी. पुढे पॅसेंजरनं सालेकसा. ही गाडी कधी वेळेवर येईल असं धरून चालू नका. तिथून आमच्या गावापर्यंत काळी-पिवळी जीप, माणसं भरली की सुटते. वेळ असेल तर पुढे दरेकशाजवळ हाजरा फॉल आहे, पण पावसाळ्यानंतर लगेच जा. मी गेलो तेव्हा धान कापून झालं होतं, धानाची शेतं, म्हणजे आमच्या बांध्या, कोरड्या पडल्या होत्या. माझं तर डोंगराकडे लक्षच नव्हतं, मी रस्ताभर मोबाईलवरच्या सिग्नलच्या काड्या मोजत होतो. कारण आमच्याकडे मोबाईल एका वळणावर महाराष्ट्र दाखवतो आणि दुसऱ्या वळणावर छत्तीसगड, आणि माझं सिम गुजरातचं.

मंगळवारी दुपारची जेवणं झाल्यावर सुरू केलं. लाखोळीची डाळ, भात, वर झोप येत होती, तरी सगळे अंगणात जमले. चार शून्यांचा पासवर्ड टाकून दोघांची गाठ घातली. कॉम्प्युटर म्हणे, मोबाईल सापडला. मोबाईल म्हणे, कॉम्प्युटर सापडला. पुढे काही नाही.

मामाजी म्हणाले, "साक्षगंध झालं, लगन अटकलं!"

कस्टमर केअरला लावलं. बाई गुजरातीत, मी हिंदीत. ती म्हणाली, सेटिंग पाठवते, सेव्ह करा. सेटिंग आली, मी सेव्ह केली. कुठे गेली कोण जाणे. नेट जोडायचा नंबर म्हणून तारा-नव्याण्णव-हॅश लावून पाहिलं, न लावता पाहिलं. मग मोबाईल उंच धरून बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर गेलो. सगळी वरात मागे. पाळीवर मी नक्की काय दाबलं, देवाशपथ आठवत नाही. पण लागलं! एक ईमेल आला होता, त्याला फोटो जोडलेला.

"फोटो दाखव बे!" मामाजी.

"दादा, आधी लिहिलेलं उघड," दुर्गा म्हणाली.

मी मामाजींचं ऐकलं. फोटो वरून पट्टी-पट्टीनं उतरू लागला. आधी झाड, मग केस, मग कपाळ.

"कपाळ चांगलं हाये," मामाजी म्हणाले.

भुवयांवर येऊन थांबला. पाच मिनिटं भुवयाच. बाबा म्हणाले, "ऊन लागून राहिलं." मग मी मजकूर उघडला. अक्षरांच्या जागी सगळे चौकोनी डबे. सायबरमध्ये मराठी दिसतं म्हणून मी धरलं होतं की इथेही दिसेल. मुलानं हिंदीत लिहिलं की मराठीत, तेही कळेना, डबे दोन्हीला सारखेच.

दुर्गानं ते हातात घेतलं. अडीच ओळी होत्या.

मामाजी हळूच म्हणाले, "हो म्हणायले इतके डबे लागत नाही."

दुर्गा म्हणाली, "दादा, मोबाईल मोकळा कर. त्याचा नंबर लावून दे."

"दुर्गे!" बाबा.

"लिहूनच विचारलं ना, बाबा? उत्तर आलं, वाचता येऊन नाही राहिलं. उद्या पाहुणे येतीन. आता बोलू द्या."

बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी नंबर लावला. ती पाळीखाली उतरून बांधीत गेली आणि पाठमोरी उभी राहून बोलली. वर आली तेव्हा चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"काऊन, काय म्हणाला?" बाबांनीच विचारलं.

"घरचे नाही म्हणतात म्हणे. आधी लगन होऊ दे, मग पाहू."

"मग?"

"मग मीबी नाही म्हटलं."

संध्याकाळी बाबांनी स्वतः फोन करून पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. गुरुवारी निघताना एवढंच म्हणाले, "ते मशीन आणलं नसतं तर पोरगी फोनवर बोलली नसती. आता फीस तूच भर."

सुरतेला येऊन सायबरमध्ये तो ईमेल उघडला. हिंदीत होता. फोनवर सांगितलं तेच, जरा गोड करून. फोटोही पूर्ण दिसला, पोरगा वाईट नव्हता. मग मी केलं ते बरं की वाईट? बाबांचं खरं की दुर्गाचं? विचार करकरून डोकं दुखलं. दुर्गाला विचारलं तर म्हणाली, "दादा, परीक्षेचा फॉर्म भराचा हाये, ते पाह्य आधी."

उद्या पगार आहे. तिच्या खात्यात दुसऱ्या वर्षाच्या फीचा पहिला हप्ता टाकतो आहे: चार हजार दोनशे रुपये.