गणपतीच्या तयारीचा प्रश्न

"वाच मोठ्यानं. कळू दे सगळ्यांना, प्रश्न काय नि तू लिहिलंयस काय."

चौथीत होते मी. बाईंनी पेपर माझ्या हातात दिला आणि मला फळ्याजवळ उभं केलं. प्रश्न होता, तुमच्या घरी गणपती येतात तेव्हा काय काय तयारी करता? मी लिहिलं होतं, आम्ही बौद्ध. आमच्या घरी गणपती बसत नाहीत. आमच्याकडे महाडला चवदार तळ्यावर जायची तयारी असते. आदल्या दिवशी मुंबईचे काका येतात. आई पांढरी साडी धुऊन वाळत घालते. पहाटे उठून भाकऱ्या थापते. सगळं ओळीनं लिहिलं होतं.

वर्ग खिदळला. बाई म्हणाल्या, "सण विचारलाय. मोर्चा नाही." भोपळा दिला. वर सल्ला, "लोकांकडचा गणपती बघितला असशीलच की. तोच लिहायचा." बघितला होता. दारातून. आत कुणी घेत नव्हतं.

घरी आईचंही तेच. "पुढल्या टायमाला लिव गो, आमच्यात बसतो म्हणून. मार्क तरी मिळतील."

"नाय लिवणार," मी म्हटलं. आई चुलीकडे तोंड करून बसली. मला तिचाही राग आला होता.

आता मीच बाई आहे. आंबेनळी घाटाखालच्या शाळेत. गेल्या आठवड्यात चाचणीचे पेपर काढायला आम्ही काही शिक्षक पोलादपुरात बसलो होतो. एका ज्येष्ठ सरांनी चौथीचा मराठीचा पेपर वाचून दाखवला. शेवटचा प्रश्न, गणपतीची तयारी. तोच. मला खुर्चीत बसवेना. माझ्या वर्गात बौद्धवाडीतली एक पोरगी आहे. लिहायला लागली की थांबत नाही. ती काय लिहिणार?

"सर, यातून तपासायचंय काय?"

"क्रमानं वर्णन करता येतं का, ते."

"मग घरातला गडबडीचा कुठलाही दिवस विचारू या. ज्याच्या घरी गणपती, तो गणपती लिहील."

"बाई, तुम्ही सगळ्यात जात आणता."

"मी नाही आणली, सर. प्रश्नात होती."

चहा आला. प्रश्न तसाच छापायला गेला. निघताना सर हसून म्हणाले, "एका मुलीसाठी एवढं?" हो. एकीसाठीच. फळ्याजवळ मीही एकटीच उभी होते.

तेव्हापासून बूड टेकत नाही. तव्यावर भाकरी करपते, वर्गात त्या पोरीकडे बघवत नाही. संताप येतो, आणि तो मी आता आवरणार नाही.

सोमवारी पेपर आहे. तो प्रश्न मी माझ्या वर्गात खोडणार. माझा प्रश्न फळ्यावर लिहिणार. कुणी कुठलाही दिवस लिहो, ओळीनं लिहिला असेल तर पूर्ण मार्क. वरून खुलासा मागतील. देईन. सगळ्यांसमोर उभी राहीन आणि मोठ्यानं वाचीन.