घरची कॅसेट

दुर्गाघाटच्या गल्लीत आमचे एक मराठी व्हिडिओवाले होते, सिनेमाच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचे. नाव मी कधी विचारलं नाही. गंगेच्या ओलीनं कॅसेटींना बुरशी धरू लागली, तेव्हा ते दोन व्हीसीआर जोडून एकेक सिनेमा नव्या कॅसेटवर उतरवायला बसले. त्यांची बायको वारली होती. मुलीच्या लग्नाच्या कॅसेटमध्येच तेवढी ती हिंडताना-बोलताना दिसायची.

"काका, ती लग्नाची कॅसेट आधी उतरवा ना," मी म्हटलं.

"अरे, गिऱ्हाइकांचं पहिले. घरची कुठं पळतेय?"

त्या कॅसेटची पाळी आली तेव्हा पडद्यावर चित्र नव्हतं, नुसत्या मुंग्या होत्या. मधूनच त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, इकडे बघा ना!"

काका पडद्याच्या अगदी जवळ सरकले आणि कॅसेट संपेपर्यंत तसेच बघत राहिले.