वैनी माहेरला गेल्यात

आमच्या सरकारी रेडिओ केंद्रात माइकवर बोललेलं सगळं वाऱ्यावर जातं, आणि माइक बंद असताना घडलेलं मात्र कुणाच्या ना कुणाच्या लक्षात राहतं. मी इथं वीस वर्षं निवेदिका आहे. कॅज्युअल निवेदिका! म्हणजे नोकरी नाही. महिन्यातून मोजून पाच-सहा ड्यूट्या, ड्यूटीमागं ठरलेलं मानधन, आणि ते कधी येईल ते विचारायचं नाही. बाहेरच्या टपरीवर आम्ही दोन कॅज्युअल भेटलो की चहा गार व्हायच्या आत चार किस्से होतात. नवे साहेब आल्यापासून तर टपरीवाला आम्हाला लांबून बघूनच आधण वाढवतो.

* * *

लोकांना वाटतं, रेडिओवर बोलणारी बाई म्हणजे बक्कळ पैसा. गेल्या गणपतीत मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी तालमीचे कार्यकर्ते वर्गणीला आले. त्यांच्या पुढाऱ्यानं पावतीवर पाच हजारांचा आकडा आधीच घातला होता.

"ताई, अख्ख्या जिल्ह्यात आवाज जातोय तुमचा. पाच हजार म्हंजे तुमचा एका दिवसाचा पगार की ओ!"

मी त्याला दारातच एका ड्यूटीचं मानधन सांगितलं.

त्यानं मागं वळून बाकीच्यांकडं बघितलं. पावतीपुस्तक मिटून खिशात घातलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "ऱ्हाऊ दे ताई. तुमी फकस्त आरतीला या. आन जाताना म्हाप्रसाद बांधून न्या, घरच्यास्नी बी!"

* * *

आमचे नवे साहेब म्हणजे केंद्रप्रमुख लिमये. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. पुण्याहून बदलून आले ते वरून आलेला काटकसरीचा आदेश बॅगेत घालूनच. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्टुडिओतला एसी बंद केला. शेजारच्या यंत्रांच्या खोलीतला मात्र चालू.

"यंत्रं तापली तर बिघडतात," साहेब म्हणाले.

"आन माणसं?" आमच्यातल्या सर्जेरावांनी विचारलं.

"माणसांकडं रुमाल असतो!"

आता स्टुडिओत उरला पंखा. तो असा खडखडायचा की माइक चालू केला की पंखा बंद करावा लागायचा आणि गाणं लागलं की परत चालू. एप्रिल महिना. तीन मिनिटांच्या गाण्यात पंखा नुसता वेग घेतो तोवर गाणं संपतं! मी काय केलं, भावगीतं बाजूला ठेवली आणि विलंबित ख्याल काढले. एकेक चाळीस मिनिटांचा. डोळे मिटून पंख्याखाली बसायचं.

महिन्याभरानं एका निवृत्त हेडमास्तरांचं पत्र आलं. साहेबांनी ते कौतुकानं नोटीस बोर्डावर लावलं. त्यात लिहिलं होतं, "उन्हाळ्यात आपल्या केंद्राची अभिरुची फार उंचावते."

* * *

मग कागद. नवा कागद वापरायचा नाही, जुन्या कागदाच्या पाठीवरच लिहायचं. साहेब स्वतःही तसंच करायचे, ते कबूल करायला हवं. त्यांची साधी चिठ्ठीसुद्धा कुणाच्या तरी जुन्या भाषणाच्या पाठीवर असायची.

एका संध्याकाळी मी उद्याचे कार्यक्रम सांगत होते. पान उलटलं, आणि उलटायला नको होतं. मागच्या बाजूला ऑफिसचं सूचनापत्र! पण वीस वर्षांची सवय. डोळ्याला दिसलं की तोंड बोलतं. त्याच गोड आवाजात मी अख्ख्या जिल्ह्याला सांगितलं, "बाथरूममधला दिवा विनाकारण चालू ठेवू नये. बाहेर पडताना नळ बंद केल्याची खात्री करावी. हुकमावरून."

गाणं लावून मी घाम पुसतेय, तोवर फोन. गडहिंग्लजकडची कुणी बाई होती.

"ताई, दोनी बंद केलं बगा. पर तुमास्नी तिकडनं दिसलं कसं ओ?"

* * *

इथवर आम्ही हसत होतो. पण साहेबांची कात्री खरी चालली ती आमच्या शेतीच्या कार्यक्रमावर.

आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास. त्यात एक तात्या आणि एक त्यांची वैनी. बियाणं, खत, म्हशीचा आजार, सगळं दोघांच्या बोलण्यातून यायचं. तात्या म्हणजे आमचे सर्जेराव. वैनी म्हणजे शमीम, हुपरीची. घरी चांदीच्या पैंजणांना डाग द्यायचं, म्हणजे कड्या सांधायचं काम करते आणि ड्यूटीच्या दिवशी एसटीनं येते. अठरा वर्षं ती जिल्ह्याची वैनी आहे. या वैनीचा नवरा, म्हणजे तात्यांचा थोरला भाऊ, कार्यक्रमात कधीच बोललेला नाही. विषय निघाला की तात्या म्हणायचे, "थोरलं रानात गेल्यात." अठरा वर्षं गडी रानातच! कारण तिसऱ्या आवाजाचं मानधन कधी मंजूरच झालं नाही.

साहेबांनी हुकूम काढला, एका कार्यक्रमाला एकच आवाज. सर्जेराव सीनिअर म्हणून राहिले. शमीमची ड्यूटी बंद. आणि त्या संध्याकाळी माइक चालू झाल्याचा लाल दिवा लागल्यावर सर्जेरावांना काहीतरी सांगणं भागच होतं.

"मंडळी, आज मी एकटाच हाय," ते म्हणाले. "वैनी माहेरला गेल्यात."

शमीम घरी पैंजण पुढ्यात घेऊन रेडिओ ऐकत होती. तिचा मला लगेच फोन.

"ताई, माझं सासर आन माहेर एकाच गल्लीत हाय. तात्यांनी मला धाडलं तरी कुठं?"

मी हसले. ती हसली नाही.

"पैशाचंच न्हवं ओ. मानधनातलं निम्मं येष्टीलाच जातंय. पर हप्त्यातनं दोनदा कोण तरी मला इचारतंय, वैनी, तुमचं मत काय? घरात कोण इचारतंय, सांगा."

मत विचारणारी तिची एवढीच एक जागा होती आणि आम्ही ती काढून घेतली. मला साहेबांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण हुकूम निघाला तेव्हा मीही गप्पच बसले होते.

* * *

पहिला आठवडा लोकांनी मानलं. मग फोन सुरू झाले. सर्जेराव वैनीचा मुक्काम लांबवत होते. आधी चुलतभावाचं लगीन, मग आईचे गुडघे, मग बारसं. एका बाईनं सरळ विचारलं, "तात्या, घरात भांडाण झालंय नव्हं? खरं सांगा!"

महिन्याभरानं शमीम काहीतरी अर्ज द्यायला केंद्रात आली. साहेबांची गाठ पडली नाही. परत जाताना एसटीत बसली आणि कंडक्टरला म्हणाली, "हुपरी एक द्या."

कंडक्टरचा हात तिकिटावरच थांबला.

"वैनी?"

सगळी गाडी वळून बघायला लागली. एका बाईनं उठून तिला खिडकीची जागा दिली. दुसरी म्हणाली, "सोसायचं न्हाय बगा. न्यायला आल्याबिगर पाऊल टाकू नगासा!" कंडक्टरनं तिकिटाचे पैसे घेतले ते घेतलेच, पण हुपरीला उतरताना म्हणाला, "वैनी, परत सासरला जाताना माझ्याच गाडीत बसा. म्होरली शीट राखून ठेवतो."

हे सांगताना शमीम फोनवर हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

* * *

आणि दोन महिने झाल्यावर शाहूवाडीकडचे पाच जण केंद्राच्या दारात उभे राहिले. पुढं ज्ञानू बापू, भाताची शेती करणारे, सत्तरीचे. बरोबर नव्या तांदळाची पिशवी, नारळ आणि हिरवं लुगडं. शिपायाला म्हणाले, "हितलं थोरलं कोण?" शिपायानं साहेबांची केबिन दाखवली.

मी आणि सर्जेराव दारातच उभे राहिलो. हे कोण सोडणार!

"पावणं," बापूंनी बसता बसता सुरुवात केली, "सून दोन म्हयनं माहेरला हाय, आन तुमी हितं गप बसलाय?"

साहेबांना आधी काही कळेना. कळल्यावर ते म्हणाले, "अहो बापू, ते काल्पनिक पात्र आहे."

"ते आमास्नी बी कळतंय की. आमी काय येडं न्हाय. पर सांजच्याला आमच्या सोप्यात तिचा आवाज यायचा त्यो तर खरा हुता? त्यो कुठं गेला, तेवढं सांगा."

साहेब समोरचे कागद नीट करायला लागले. "वरचा आदेश आहे. एका कार्यक्रमाला एकच आवाज."

"मग तिच्या नवऱ्याला बोलवा. सून आणायची तर दिराचं काम न्हाय, नवरा लागतोय. कुठं हाय त्यो?"

"रानात," सर्जेराव दारातून म्हणाले.

"त्या पात्राला आवाजच नाही," साहेब म्हणाले. "नवा कलाकार घ्यायचा म्हणजे मानधन आलं, मंजुरी आली..."

"साहेब, हापिसातल्या माणसाला मानधन लागत न्हाय," सर्जेराव म्हणाले. "तुमीच तशी नोटीस भिताडावर लावलीया."

पाचही जण साहेबांकडं बघायला लागले.

"मी?"

"आवाज बरा हाय की," बापू म्हणाले आणि लुगडं टेबलावर ठेवलं.

साहेबांनी तोड काढली. वैनीला एक दिवस बोलवायचं, एकच. थोरल्यानं दोन वाक्यं बोलायची, वैनीनं मंडळींचा कायमचा निरोप घ्यायचा आणि विषय संपवायचा. त्यांनी स्वतःच स्क्रिप्ट लिहिलं, जुन्या कागदाच्या पाठीवर. शमीमची शेवटची ओळ होती, "येते मंडळी, सुखी ऱ्हावा."

* * *

त्या संध्याकाळी काचेच्या अलीकडं ड्यूटीवर मी होते. पलीकडं स्टुडिओत तिघं. शमीम ते हिरवं लुगडं नेसून आली होती. तिनं स्क्रिप्ट एकदाच वाचलं, आणि माझ्याकडं बघितलं नाही. पंखा बंद केला. लाल दिवा लागला.

"मंडळी, आज नवल झालंय," सर्जेराव म्हणाले. "वैनी तर आल्यातच, आन थोरलं बी रानातनं आल्यात!"

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "नमस्कार. मी... थोरला."

शमीमनं आपलं स्क्रिप्ट टेबलावर पालथं घातलं.

"अवो," ती म्हणाली, "अठरा वर्सं रानात काय करत हुता?"

हे कागदावर नव्हतं. साहेबांनी पान उलटून बघितलं, मागं वीजबिलाचं पत्र होतं. सगळा जिल्हा ऐकत होता. साहेबांच्या कपाळावरनं घाम ओघळला आणि त्यांचा रुमाल केबिनमध्ये राहिला होता. मी गाणं लावून त्यांना सोडवू शकत होते. बोट बटणावर होतं. मी नाही लावलं!

"काटकसर," साहेब म्हणाले.

सर्जेरावांनी तोंडावर हात ठेवला. शमीम हसली नाही. ती माइकजवळ सरकली.

"मग आता मंडळींच्या म्होरंच सांगा. मी ऱ्हाऊ, का जाऊ?"

साहेब काचेतून माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं बघितलं. सर्जेरावांनी आपला रुमाल काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. साहेबांनी कपाळ पुसलं, चष्मा काढला, परत घातला.

"राहा," ते म्हणाले.

"आजच्या दिस?"

"नाही. राहाच."

"हितं बोललेलं वाऱ्यावर जातंय," शमीम म्हणाली. "लेखी द्या की."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. स्क्रिप्टच्या दोन्ही बाजू भरलेल्या. टेबलावर दुसरा कागद नाही, कारण ठेवायचाच नाही असा त्यांचाच हुकूम! माझ्या ड्रॉवरच्या तळाशी मी कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा लपवून ठेवला होता. त्यातला वरचा काढला, स्टुडिओचं जड दार ढकललं आणि साहेबांसमोर ठेवला.

माइकवर फक्त पेनची खरखर ऐकू येत होती. सर्जेराव पुढं वाकले आणि हळूच म्हणाले,

"मंडळी, दोन मिन्टं दम धरा. थोरलं सही करत्यात. आन कागुद कोरा हाय बरं का, मी दोनी अंगानं बघितलाय!"